दुबार भरलेलं काडतूस

क्लिफ पेल्कोनेनचा उजवा डोळा माझ्यामुळे गेला, हे एकोणीस वर्षं सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, आणि ते दोघंही दर आठवड्याला मला समोर बसवून कॉफी पाजायचे.

मी वेस्ली हौताला. लोखंडाच्या खाणीच्या दुरुस्ती विभागात एकतीस वर्षं काढली. क्लिफ त्याच खाणीत मालाचा ट्रक चालवायचा. आमचे आजोबा एकाच बोटीनं फिनलंडहून मिशिगनला आले, असं दोन्ही घरांत सांगायचे; खरंखोटं देव जाणे. पण शाळा एक, खाण एक, शनिवारी वाफ घ्यायला बसायची सौनाची खोली एक. लष्करानं भंगारात काढलेल्या रायफलीही आम्ही एकाच वर्षी टपालानं मागवल्या. ग्रीसमध्ये बुडवलेल्या, जाड कागदात गुंडाळलेल्या. दोन दिवस रॉकेलनं पुसत बसलो होतो.

गावामागे वाळूची जुनी खाण आहे, तिथे आमच्या क्लबची चांदमारी. दर रविवारी दहा-पंधरा जण जमायचे. दुकानातलं काडतूस वापरायचं म्हटलं तर वीसची डबी अर्ध्या तासात संपते, आणि तेव्हा खाणीत वर्षाआड संप असायचा. म्हणून मी घरीच भरायला लागलो. उडवून झालेली पितळी नळकांडी वेचून आणायची, धुवायची, बुडाची जळकी टोपी काढून नवी दाबायची, वरून दारू ओतायची, तोंडावर गोळी बसवायची. गोळ्याही घरच्याच. टायरला वजनासाठी लावतात ते शिशाचे तुकडे गॅरेजवाला फुकट द्यायचा, ते वितळवून साच्यात ओतायचे. प्रत्येक नळकांड्याच्या बुडाच्या कडेला मी कानशीनं एक बारीक खूण करायचो, म्हणजे वाळूत कोणाचं कोणतं ते कळे.

घरच्या शिशाच्या गोळीला दारू कमी लागते. खांद्याला धक्का बसत नाही, पैसा वाचतो, आणि शंभर यार्डांवर कागदाला भोक पडतं तेवढंच. पण त्यात एक धोका असतो. थोडी दारू नळकांड्याच्या तळाशी बसते, वर मोकळी जागा राहते. चुकून एकात दोनदा ओतली तरी ती आरामात मावते, आणि वरून गोळी बसवली की बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून मी पन्नास नळकांडी लाकडी फळीच्या भोकांत ओळीनं उभी करायचो, आणि गोळी बसवायच्या आधी टॉर्च घेऊन एकेकात डोकावायचो. म्हणजे डोकावायची आर्डिस, माझी बायको. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली. कपडे धुवायचं मशीनही तळघरातच होतं, त्यामुळे ती असायचीच तिथे. एप्रनला हात पुसून टॉर्च घ्यायची, एकेक ओळ बघत जायची आणि म्हणायची, "सारखी आहेत सगळी. बसव."

मी दोन डब्या भरायचो. एक माझी, एक क्लिफची. तो या कामाला स्वयंपाक म्हणायचा.

"काय वेस, आज काय शिजवलंस?"

"खायचं तर खा, नाहीतर दुकानात जा."

"खातो रे. पण तुझी गोळी निशाणापर्यंत जाता जाता वाटेत कॉफी प्यायला थांबते. मला दोनशे यार्डांवर मारायचंय."

"मग हात स्थिर ठेवायला शिक."

लोक हसायचे, क्लिफही हसायचा. पण त्याला ते लागायचं. दोनशे यार्डांच्या स्पर्धेत तो सात वर्षं दुसरा-तिसरा येत होता.

एकोणऐंशीच्या जूनमधला रविवार. तीच स्पर्धा. क्लिफनं आधी पाच-सहा गोळ्या सरावाच्या मारल्या, ठीक गेल्या. मग त्याचं नाव पुकारलं. तो पोटावर आडवा झाला, जाकिटाच्या खिशातून काडतूस काढून घातलं आणि चाप ओढला. आवाज आला तो गोळीचा नव्हताच. बॉयलर फुटतो तसा आला. रायफलीचं लाकूड दुभंगून दोन हात लांब उडालं. क्लिफ गुडघ्यांवर उठून बसला, एका हातानं तोंड धरून. ओरडला नाही. नुसतं म्हणत होता, "बघा रे काय झालंय, बघा रे."

डोळा गेला. डाव्या हाताची दोन बोटंही अर्धी गेली.

फुटलेल्या नळकांड्याचं बूड रायफलीत रुतून बसलं होतं. क्लबच्या लोकांनी ते खणून काढलं. त्यावर माझी कानशीची खूण होती. डबीतली उरलेली काडतुसं त्यांनी उघडून दारू तोलून पाहिली. सगळी बरोबर निघाली. म्हणजे एकच चुकलं. एकातच दोनदा ओतली गेली. कोणी मला शिवी दिली नाही, कोणी अंगावर आलं नाही. सेक्रेटरीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "घरी जा, वेस." पुढच्या बैठकीत ठराव झाला की दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या चांदमारीत कोणी वापरायचं नाही. त्या ठरावाला लोक 'हौतालाचा नियम' म्हणू लागले.

चार दिवसांनी इस्पितळात भेटायला सोडलं. क्लिफचं निम्मं तोंड पट्टीत होतं. लॉर्ना, त्याची बायको, खिडकीशी पाठमोरी उभी होती. मी टोपी काढून पलंगाजवळ उभा राहिलो.

क्लिफच म्हणाला, "जाऊ दे वेस. माणूस आहे, चुकतो."

मी तिथेच रडलो. असा मित्र मिळायला भाग्य लागतं, असं मी घरी येऊन आर्डिसला सांगितलं.

आता आर्डिसचं सांगायला हवं. टाळता येत नाही, नाहीतर टाळलं असतं.

ती पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती. "वेस, मी बघितली होती. सगळी सारखी होती."

"मग फुटलं कसं?"

"ते मला नाही माहीत. पण मी बघितली होती."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला आठवलं की त्या संध्याकाळी मधेच तिच्या बहिणीचा फोन आला होता. ती टॉर्च ठेवून वर गेली होती, दहा मिनिटांनी परत आली होती. बुडणाऱ्याला फळकूट मिळावं तसं मला ते मिळालं.

"तू फोन घ्यायला वर गेली होतीस," मी म्हटलं. "तेव्हाच सुटलं."

"मी परत आले ना. परत पहिल्यापासून बघितलं."

"पहिल्यापासून? का जिथे सोडलं होतंस तिथून?"

"पहिल्यापासून."

"नक्की आठवतंय तुला? शपथेवर सांगशील?"

असं मी तिला किती दिवस विचारत होतो कोण जाणे. जेवताना, गाडीत, चर्चला जाताना. पोलीस चौकीतसुद्धा इतकं विचारत नाहीत. शेवटी एक दिवस भांडी विसळताना ती थांबली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला आता नक्की नाही आठवत, वेस."

मला बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं. निम्मं ओझं उतरलं. गावात मी तिचं नाव कधी घेतलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता, की बायकोची चूक मी माझ्या नावावर घेतली.

त्यानंतर ती तळघरात उतरली नाही. कपड्यांचं मशीन मला वर मागच्या पडवीत आणून बसवावं लागलं. काडतुसं भरायचा प्रेस, साचे, तराजू, सगळं मी विकून टाकलं. रायफलही. चांदमारीकडे फिरकलो नाही.

मग क्लिफच्या घरची कामं सुरू झाली. एका डोळ्यानं ट्रक चालवता येत नाही, खाणीनं त्याला फाटकावर बसवलं. दोन बोटं नसलेल्या हातानं कुऱ्हाड धरता येत नाही. म्हणून दर ऑक्टोबरमध्ये मी त्याला हिवाळ्यापुरती मॅपलची लाकडं फोडून, नेऊन, रचून द्यायचो. आमच्याकडे बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. त्याच्या दारातलं बर्फ मी काढायचो, मग माझ्या. छपरावर चढून फावड्यानं बर्फ लोटायचो. आर्डिस शनिवारी मांस-सलगम भरलेल्या, मोठ्या करंजीसारख्या पेस्ट्या करायची, त्यातल्या चार रुमालात गुंडाळून त्यांच्याकडे जायच्या. क्लिफ खुर्चीत बसून म्हणायचा, "या खेपेला सलगम जास्त झालंय, सांग तिला." मी घरी येऊन सांगायचो.

एक्याण्णवमध्ये आर्डिसला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. दोन महिन्यांचं काम होतं. आमची मुलगी जॉइस शहरातून येऊन राहिली होती. एका दुपारी ती औषधं आणायला गेली असताना आर्डिसनं मला जवळ बोलावलं.

"वेस, एक काम करशील?"

"बोल."

"क्लिफला सांग, मला माफ कर म्हणून. मला स्वतः जाऊन सांगायचं होतं. धीर झाला नाही कधी."

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की सोड गं ते, त्यात तुझं काय. मी म्हटलं नाही. मी टोपी घातली आणि क्लिफकडे गेलो. निरोप सांगितला. तोपर्यंत त्याला आर्डिसच्या फोनचं काहीच माहीत नव्हतं. मीच तिथे उभा राहून सगळं समजावलं. लॉर्ना उठून आतल्या खोलीत गेली.

मग क्लिफ म्हणाला, "सांग तिला, केव्हाच केलं."

तो निरोप मीच घरी नेला. आर्डिसनं डोळे मिटून मान हलवली. नऊ दिवसांनी ती गेली.

पुढची सात वर्षं मी लाकडं नेतच राहिलो. अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये मी त्यांच्या अंगणात ट्रक लावून लाकडं उतरवत होतो. निम्मी उतरली असतील. लॉर्ना बाहेर आली. चांगला कोट घातलेला, केस बांधलेले, हातात लहान बॅग.

"वेस, ती लाकडं परत ट्रकमध्ये भर."

"का? ओली नाहीत. दोन उन्हाळे वाळवलीयत."

"मी चाललेय. ॲरिझोनाला, बहिणीकडे. कायमची. त्याला सांगून झालंय." तिनं घराकडे बघितलंही नाही. "आणि जायच्या आधी तुला सांगायचंय. मधे बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं होणार नाही."

मी हातमोजे काढले.

"त्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. पक्कड घेऊन. तू दिलेल्या डबीतली पाच काडतुसं त्यानं उघडली. तुझी दारू बशीत ओतली. आणि त्याच्याजवळ एक डबा होता, कोणीतरी दिलेला, पिस्तुलाच्या जहाल दारूचा, त्यातली भरली. अंदाजानं. मी म्हटलं, तोलून तरी घाल. तर म्हणतो, वेसचं सगळं मिळमिळीत असतं, उद्या बघ कशी जाते."

"पाच?" मी एवढंच विचारलं. का विचारलं माहीत नाही.

"एक फुटलं. चार जाकिटाच्या खिशात राहिली. इस्पितळात कपडे माझ्याच हातात दिले ना. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य तो तेच बोलला. डबा आणि ती चार टाकून दे. मी तळ्यात टाकली. होडी घेऊन आत जाऊन टाकली."

वारा होता. तिचा कोट पायांवर आपटत होता.

"का नाही सांगितलंस, लॉर्ना?"

"पहिल्याच आठवड्यात सांगणार होते. देवाशपथ. रोज उद्यावर ढकललं. मग ऑक्टोबर आला आणि तू लाकडं घेऊन आलास." ती थांबली. "आम्हाला लाकडं लागत होती, वेस."

"आणि आर्डिसचा निरोप आणला तेव्हा?"

ती रस्त्याकडे चालायला लागली. शेजारची गाडी तिला बसथांब्यावर न्यायला आली होती. ती बसली आणि गेली. नंतर तिचं पत्र नाही, काही नाही.

मी आत गेलो. क्लिफ स्वयंपाकघरातच होता. मला बघताच त्याला कळलं.

"सांगितलं तिनं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं संसार केला आणि जाता जाता घाण करून गेली."

"खरं आहे?"

"आता काय करणारेस? मारणारेस? मार. एका बाजूनं मला दिसतही नाही."

"एकोणीस वर्षं, क्लिफ."

"काय एकोणीस वर्षं? डोळा कोणाचा गेला? माझाच ना? बोटं कोणाची गेली? तुझं काय गेलं, दोन रविवार? लाकडं फोडलीस, बर्फ काढलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही केलं असतं तुझ्यासाठी."

"तू ते माझ्या नावावर घातलंस."

"मी कुठे घातलं! ते नळकांडं काढलं त्यांनी, खूण बघितली त्यांनी. मी शुद्धीवर आलो तोवर सगळं ठरलं होतं. मी फक्त नाही म्हटलं नाही. मूर्ख ठरायचं आणि वर आंधळं पण व्हायचं? दोन्ही नाही झेपलं मला."

मी म्हटलं, "आर्डिस मरत होती. तिनं तुझी माफी मागितली. आणि तू दिलीस."

"मग काय करायचं होतं? मरणाऱ्या बाईला नाही म्हणायचं? ती सुखानं गेली ना?" मग तो पुढे झुकला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "आणि एक सांग, वेस. तिच्या डोक्यात ते घातलं कोणी? मी? मी तर तिचं नाव कधी काढलं नाही. लोकांनी तुझं नाव घेतलं. तिचं नाव तू घेतलंस."

मी ओट्याला धरून उभा राहिलो. त्याच्यासमोर कालची उष्टी बशी होती, टीव्हीवर कुठलातरी खेळ चालू होता. मला त्याला मारायचं होतं, आणि हात उठेना. भीती नव्हती. तो खोटारडा माणूस आयुष्यात त्या एका गोष्टीत खरं बोलला होता, म्हणून उठेना.

बाहेर येऊन मी लाकडं परत ट्रकमध्ये भरायला लागलो. तिसरा हिस्सा भरला आणि पाठ धरली. राहिली ती तशीच अंगणात टाकून आलो.

त्या आठवड्यात मी क्लबात गेलो, एकोणीस वर्षांनी. जुने दोघंच उरले होते, आणि त्यातल्या एकाला ऐकूच येत नव्हतं. सेक्रेटरी आता एक तरुण माणूस आहे, टेरी कॉस्टेलो, इन्शुरन्सचं काम करतो. त्यानं मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"वाईट झालं, हौताला," तो म्हणाला. "पण साक्षीदार तर निघून गेल्या म्हणता. आणि पेल्कोनेन काही कबूल करायचे नाहीत."

"नियमाला माझं नाव आहे."

"ते काही छापलेलं नाही हो. लोक बोलतात. नियम मात्र चांगला आहे, तुम्हीच सांगा, आहे की नाही?"

नियम चांगला होता. मी हो म्हटलं आणि आलो.

क्लिफला त्या हिवाळ्यात चर्चच्या लोकांनी थोडे दिवस लाकडं पुरवली. फेब्रुवारीत त्याला वृद्धाश्रमात हलवलं. दोन वर्षांनी तो तिथेच मेला. मी मातीला गेलो नाही. दुकानात सामानाची पिशवी भरताना बाई मला ऐकू जाईल अशा आवाजात दुसरीला म्हणाली, "डोळा घालवला बिचाऱ्याचा, आणि शेवटचं तोंड बघायलाही आला नाही." मी सुटे पैसे घेतले आणि बाहेर पडलो.

पण त्याआधीच, लॉर्ना गेली त्याच रविवारी, मी जॉइसला फोन केला होता. निदान तिला तरी कळावं की तिच्या आईची काही चूक नव्हती, असं मला वाटत होतं. तिला आनंद होईल असंही वाटत होतं. माणूस किती मूर्ख असतो.

मी सगळं सांगितलं.

"थांब, बाबा," ती म्हणाली. "आईचा काय संबंध? सगळे तर तुझी चूक म्हणत होते."

"तिला वाटत होतं की तिची."

"तिला का वाटेल? कोणी सांगितलं तिला?"

खोटं बोलता आलं असतं. तिला कधी कळलं नसतं.

"मी," मी म्हटलं.

"तू."

"त्या वेळी मला खरंच वाटलं होतं, जॉइस, की तो फोन—"

"आई चर्चला निघताना तीनतीनदा परत जाऊन गॅस बघायची," ती म्हणाली. "दाराची कडी बघायची. गाडी वळवायला लावायची. तू हॉर्न वाजवायचास. मी मागच्या सीटवर हसायचे तिला. मला वाटायचं तिचा स्वभावच तसा."

"नव्हता तसा. लग्नाच्या वेळी नव्हता."

"माहीत होतं तुला?"

तिनं फोन आपटला नाही, सावकाश ठेवला.

त्या नाताळला ती आली नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये आली, एका दिवसासाठी. आईचे कपडे तिनं दोन खोक्यांत भरले, काही गरिबांना द्यायला, काही स्वतःसाठी. मी मासे तळले होते. जेवली, ताटली विसळून ठेवली. आता दर वर्षी अशीच येते. माझा रक्तदाब बघते, गोळ्या मोजून डबीत घालते, परसातलं गवत कापायला माणूस लावून देते. आर्डिसचं नाव आम्ही काढत नाही.

गेल्या खेपेला ती गाडीत बसली तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "जॉइस, शिव्या तरी दे. काहीतरी बोल."

"काय बोलू, बाबा?" ती म्हणाली. "पुढे रस्त्याचं काम चालू आहे, मला उजेडात पोचायचंय."

मी बाजूला झालो, आणि तिनं गाडी मागे घेतली.